दमसास

तिला घाई चालत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, काटा दोन हजार फेऱ्यांवर असताना अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ती लगेच उसळत नाही. आवाज जरा जड होतो, एवढंच. शेजारी पहिल्यांदाच बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ‘हीच का ती?’ असं उमटू लागतं. काटा तीन हजारांजवळ येतो, बोनेटखालून एक बारीक शीळ सुरू होते आणि मग पाठ सीटला जाऊन भिडते. तिथून सहा हजारांपर्यंत ती मागे वळून पाहत नाही. गिअर बदलावा, क्षणभर थांबावं, पुन्हा तेच. मधल्या त्या थांब्याला लोक दोष मानतात. मला तो तिच्या स्वभावाचा गाभा वाटतो. मागितलेलं ती देते, पण आधी श्वास भरून घेते.

पोर्शे ९४४ टर्बो हे तिचं नाव. कंपनीच्या नोंदीत तिचा क्रमांक ९५१, आणि तिच्यावर जीव लावलेली माणसं तिला त्याच आकड्याने ओळखतात. माझ्याकडची १९८६ सालची. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला, आमच्या घराच्या गॅरेजात असते. या भागात मोटारी आखणाऱ्या, मोजणाऱ्या, तपासणाऱ्या माणसांची दाट वस्ती आहे, त्यात पुण्या-नाशिककडून आलेली मराठी माणसंही पुष्कळ. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर नव्या गाडीचा एखादा भाग फिरवून पाहायचा आणि संध्याकाळी जुन्या गाडीखाली पाठीवर आडवं व्हायचं, हे इथे कुणाला नवलाचं वाटत नाही.

तिच्या कुळाबद्दल फार बोललं गेलं. थोरली बहीण ९२४. तिचा आराखडा पोर्शेने मुळात फोक्सवॅगनसाठी केला होता. फोक्सवॅगनने अंग काढून घेतल्यावर पोर्शेने तो स्वतःकडे घेतला आणि १९७६ पासून ती गाडी पोर्शे म्हणून रस्त्यावर आली. इंजिन पुढे, तेही पाण्याने थंड होणारं, आणि जुळणी नेकार्सुल्मला ऑडीच्या कारखान्यात. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं इंजिन असेल तरच ती पोर्शे, असं मानणाऱ्यांनी नाकं मुरडली. पुढे ९४४ स्वतःचं नवं इंजिन घेऊन आली, पण कुजबुज थांबली नाही. मला त्या कुजबुजीचा राग येतो, कारण हिची परीक्षा आधीच झालेली होती. १९८१ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक पोर्शे उतरली होती. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो लावलेलं. वॉल्टर रोर्ल आणि युर्गेन बार्थ आलटूनपालटून चालवत होते. ती सातवी आली. म्हणजे साधी ९४४ लोकांच्या हातात पडण्याआधीच तिचं टर्बोवालं रूप दिवसरात्र पळून आलं होतं. रस्त्यावरच्या माणसाला ते मिळायला १९८५ उजाडलं.

दिसायला ती आपल्या काळाची आहे. चाकांवर फुगलेले खांदे, गरजेपुरतेच डोळे उघडणारे दिवे, मागे काचेचा मोठा घुमट. पत्र्याला कारखान्यातच जस्ताचा लेप दिलेला, आणि मिशिगनमध्ये याची किंमत कळते. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने तिच्या वयाच्या कितीतरी गाड्या दारांपासून खाऊन टाकल्या. हिचा पत्रा शाबूत आहे. बोल्टांचं मात्र तसं नाही. खालच्या अंगाचा प्रत्येक बोल्ट आदल्या रात्री तेल सोडून, दुसऱ्या दिवशी गरम करून, समजूत घालून काढावा लागतो.

तिचा तोल हा तिच्यातला सगळ्यात सुंदर विचार. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, आणि दोघांना जोडणारी एक लांब जाड नळी. नळीच्या आत बारीक शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरत असतो. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं वाटलं जातं. वळणावर ती कधी नाक खुपसत नाही आणि उगाच मागचं अंग झोकूनही देत नाही. स्टिअरिंगमधून जे सांगते ते खरं असतं. या तोलाची किंमत गाडीखाली आडव्या झालेल्या माणसाला द्यावी लागते. साधी क्लच प्लेट बदलायची तर सायलेन्सर उतरवा, गिअरबॉक्स उतरवा, ती नळी मागे सरकवा, तेव्हा कुठे क्लचपाशी हात पोचतो.

इंजिनबद्दल मात्र मला सावकाश सांगायचं आहे. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर. चार सिलिंडरच्या इंजिनाला एवढी मोठी पिस्टनं दिली की ते थरथरणार, ही भूमितीच आहे. चारही पिस्टनांच्या चालीतला बारीक विषम भाग क्रँकच्या दुप्पट गतीने वर-खाली धक्के देत राहतो. त्याला उत्तर म्हणून इंजिनच्या दोन बाजूंना दोन शाफ्ट बसवलेत. मुद्दाम एकांगी वजन दिलेले, परस्परविरुद्ध दिशांनी, क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे. मूळ कल्पना इंग्लंडच्या लँचेस्टरची, विसाव्या शतकाच्या आरंभीची. मित्सुबिशीने ती नव्याने घडवून तिचे हक्क घेतले होते आणि पोर्शेने तो परवाना रीतसर विकत घेतला. एवढ्या अभिमानी कंपनीने दुसऱ्याची चांगली गोष्ट पैसे मोजून घ्यावी, याचं मला कौतुक आहे. निवांत चालू असलेल्या या इंजिनावर हात ठेवला तर त्या दोन शाफ्टांचं काम तळव्याला कळतं.

ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, पण आत लोखंडाचे लायनर नाहीत. त्या मिश्रधातूत सुमारे १७ टक्के सिलिकॉन आहे. सिलिंडर घासून झाला की वरवरचं अ‍ॅल्युमिनियम खरवडून काढतात आणि सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडतात. पिस्टनच्या रिंगा त्या कणांवरून घसरतात, आणि पिस्टनांना स्वतःला लोखंडाचा पातळ लेप असतो. म्हणूनच तिचं हेड उघडण्याचा क्षण मोठा असतो. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागेल अशी रेघ असेल तर ते काम घरात होत नाही, त्यासाठी हे तंत्र जाणणारा कारागीर शोधावा लागतो. माझ्या गाडीच्या चारही भिंती गुळगुळीत, करड्या, मंद चमकणाऱ्या निघाल्या. ती बरीच वर्षं नुसती उभी होती, तरी आतून तिने स्वतःला जपलं होतं.

आता टर्बो. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे बाहेर फेकला जातो. त्या वाया जाणाऱ्या वायूवर एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली या विचाराचं पेटंट घेतलं. विमानं, जहाजं, मग ट्रक असा तो फिरत राहिला आणि मोटारींत रुळायला सत्तरचं दशक यावं लागलं. हिच्या अंगावरचा टर्बो के-२६. तो एक्झॉस्टच्या बाजूला नाही, पलीकडे, हवा आत घेणाऱ्या बाजूला बसवलेला आहे. इंजिनमधून निघालेला जळता वायू एका आडव्या पाइपातून इंजिनच्या खालून पलीकडे जातो, मग त्या चक्रावर आदळतो. सुरुवातीच्या त्या थांब्यात या लांबच्या वाटेचाही वाटा आहे. वाटेत उष्णता हरवू नये म्हणून एक्झॉस्टच्या तोंडांना आतून सिरॅमिकचं अस्तर दिलंय. घरच्या गाडीसाठी कुणी एवढा विचार करतं, हे मला हेड उघडून प्रत्यक्ष पाहीपर्यंत पटलं नव्हतं.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. त्याला गोळ्यांचं बेअरिंग नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. एका टोकाला लाल होईपर्यंत तापलेलं चक्र, दुसऱ्या टोकाला थंड हवा, मध्ये बोटभर लांबीत तेल. इंजिन एकदम बंद केलं की तेल थांबतं, आणि मागे राहिलेली उष्णता तेच तेल जाळून त्याचा कोळसा करते. म्हणून हिच्या टर्बोच्या पोटातून पाणीही फिरवलंय आणि त्यासाठी विजेवरचा वेगळा छोटा पंप दिलाय. चावी काढून, दार लावून घराकडे निघालो तरी मागे तो पंप काही वेळ गुणगुणत राहतो. गाडी थांबली तरी तिचं स्वतःला सावरणं चालू असतं.

लोक विचारतात, ताकद किती वाढवली? प्रश्नाचा क्रमच चुकीचा आहे. कारखान्यातून निघताना हिचा दाब ०.७५ बार होता आणि ताकद २२० अश्वशक्ती. दाब वाढवणं सोपं असतं. वेस्टगेट नावाची झडप जास्तीचा वायू बाहेरच्या बाहेर काढून देते. तिची स्प्रिंग आवळली की दाब वाढतो, पाच मिनिटांचं काम. पण चाळीस वर्षांच्या गाडीला ते पाच मिनिटांचं काम करण्याआधी तिची सगळी नाडी तपासावी लागते. व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या हातात घेताच तुटल्या, त्या सगळ्या बदलल्या. टर्बोच्या तोंडाला बूच लावून हलक्या दाबाने हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. जिथे फुगे आले, तिथून भरलेला श्वास निसटत होता. टायमिंग बेल्ट आणि शाफ्टांचा बेल्ट तर सगळ्यांत आधी. हिच्यात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही. त्या बेल्टचा ताण अंदाजाने बांधायचा नसतो. त्यासाठी मोजायचं खास हत्यार आहे, आणि ते वापरायला कंटाळणाऱ्याने ही गाडी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. हिच्या संगतीत राहिलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. लांब वळणावर, जास्त फेऱ्यांवर, तेल एका बाजूला धाव घेतं, त्यात हवा मिसळते आणि त्या एका बेअरिंगला पहिल्यांदा उपास घडतो. ते पाहायचं तर इंजिन वरून तुळईला टांगायचं, खालचा आडवा सांगाडा सोडवायचा, तेलाची टाकी उतरवायची. मग मेणासारखी बारीक दोरी बेअरिंगात ठेवून टोपी ठरल्या ताकदीने आवळायची, परत उघडायची आणि चपट्या झालेल्या दोरीची रुंदी पट्टीशी ताडून पाहायची. उत्तर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात येतं.

माझे आप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभे राहिले. त्यांना ही गाडी फोनच्या पडद्यावरच भेटलेली. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी फोन बोनेटजवळ धरला. ते डोळे मिटून ऐकत बसले. गाडीच्या रंगाबद्दल, वेगाबद्दल एक शब्द नाही. विचारलं ते एवढंच, “तेल किती चढतंय ते बघिटलास काय रं?” मी काट्यावरचा आकडा सांगितला. “गरम झाल्यावर किती?” तोही सांगितला. “मग चालू दे. तेल टिकतंय तवर इंजिन तुझं.” आप्पांनी टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन कधी उघडलं नाही, पण जे पहिलं विचारायचं ते त्यांनी विचारलं.

सगळं घट्ट बसल्यावरच ट्यूनिंग. कारखान्याने हिला दोन मेंदू दिले होते. एक इंधन आणि ठिणगी सांभाळणारा, दुसरा नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी पेटणं, ऐकणारा आणि दाब आवरणारा. त्या काळात ट्यूनर मंडळी या मेंदूच्या पेटीतली चिप काढून आपली चिप बसवत. आता लॅपटॉप जोडता येईल अशी पेटी मिळते आणि इंजिनच्या फेऱ्या व हवेचा दाब यांचा एक मोठा तक्ता समोर उघडतो. प्रत्येक चौकटीत किती इंधन, ठिणगी किती आधी, ते आपण लिहायचं. हे काम आकड्यांचं आहे आणि मला ते कवितेइतकं आवडतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. सावकाश चालताना प्रमाण त्याच्या आसपास ठेवायचं. पूर्ण दाबाखाली मात्र ते साडेअकरा-बारापर्यंत आणायचं, म्हणजे मुद्दाम जास्त पेट्रोल. ते जळण्यासाठी नसतं, सिलिंडरच्या आत थंडावा द्यायला असतं. एक्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण क्षणोक्षणी सांगत राहतो.

उष्णता हा खरा विषय आहे. २० अंशांची हवा ०.७५ बारने दाबली की तिचं तापमान ९० अंशांच्या पुढे जातं. दाब १ बार केला की ११० च्या आसपास. गाडीच्या नाकात बसवलेला इंटरकूलर त्यातलं बरंचसं काढून घेतो, सगळं नाही. मग ठिणगी पडल्यावर ज्वाळा पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण, ज्वाळा पोचण्याआधीच, दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेतं. तेच नॉकिंग. हातोडीचा घाव पिस्टनवर बसावा तसं. १०० मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये तो आवाज साधारण पावणेसहा हजार हर्ट्झला घुमतो. कारखान्याने ब्लॉकवर सेन्सर बसवून तोच आवाज ऐकण्याची सोय केलेली आहे. नॉकिंग झालं की पेटी त्या सिलिंडरची ठिणगी मागे घेते, तरी थांबलं नाही तर दाब उतरवते. जास्त ताकदीसाठी तो कान काढून टाकणारे लोक आहेत. माझं त्यांच्याशी जमत नाही. तिने ‘दुखतंय’ म्हणायची सोय काढून घेतली, तर आपण तिला घडवत नाही, वापरतो आहोत.

मी उलट आणखी एक कान जोडला. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून, भोक पाडून ब्लॉकला बोल्टने बसवलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि ती कानावरच्या जाड इअरमफमध्ये. यात वीज नाही, सेन्सर नाही. मोकळ्या ट्रॅकवर माझा शेजारी चालवत होता, मी बाजूला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. तो निवृत्त फिटर, गाडीशी बोलताना तोंडातल्या तोंडात बोलतो. आधी ०.७५, मग थोडं वर. कानात इंजिनची एकसंध घरघर आणि तिच्यावर टर्बोची शीळ. एका ठिकाणी, साडेचार हजारांजवळ, कोरड्या शेंगा फुटाव्यात तसा बारीक कडकडाट आला. मी हात वर केला, त्याने पाय उचलला. त्या चौकटीतली ठिणगी दीड अंश मागे घेतली, इंधन जरा वाढवलं, पुन्हा त्याच फेऱ्यांवर. कडकडाट गेला. ट्यूनिंग म्हणजे हेच, चौकटीमागून चौकट. तिची हद्द कुठे आहे ते तीच सांगते, आणि तिथून एक पाऊल अलीकडे थांबायचं असतं.

पश्चिमेकडे साउथ हेवनजवळ जिंजरमन नावाचा ट्रॅक आहे. उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी तिला तिथे नेतो, कारण सार्वजनिक रस्ता ही जागा नव्हे. तिथल्या लांब वळणातून बाहेर पडताना सरळ रस्ता दिसण्याआधीच पाय खाली न्यावा लागतो. ती श्वास घेईपर्यंत वळण संपतं, आणि दाब नेमका तेव्हा पोचतो जेव्हा चाकं सरळ झालेली असतात. पाय उशिरा दाबला तर सरळ रस्ता अर्धा वाया जातो, लवकर दाबला तर वळणातच मागची चाकं सुटू पाहतात. नव्या गाड्यांचे छोटे टर्बो हा थांबा जाणवूच देत नाहीत, आणि त्या हिच्यापेक्षा वेगवान आहेत, यात वादच नाही. पण त्या चालकाला पुढचा विचार करायला शिकवत नाहीत. ही शिकवते. हिच्या सोबत दोन उन्हाळे काढलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसला तरी वळण दोन क्षण आधी वाचतो.

सध्या दाब १ बारवर ठेवला आहे. १९८८ ची टर्बो एस मोठ्या टर्बोसह २५० अश्वशक्तीची होती, आणि घरी बांधलेल्या काही गाड्या त्याच्या कितीतरी पुढे गेल्यात. मला हिला तिकडे न्यायचं नाही. जास्त दाबाखाली पहिली हेडची गॅस्केट तक्रार करते, मग क्लच, मग गिअरबॉक्स, आणि मग तिचा तो तोल, ज्यासाठी ती जन्मली, तो ताकदीच्या मागे धावताना हरवतो. तिच्या पोटातलं सगळं जिथे एकमेकांना पुरं पडतं तिथे ती थांबलेली बरी.

गेल्या महिन्यापासून तिसऱ्या गिअरमध्ये मधूनच एक घुमणारा आवाज येतो, गाडीच्या तळाखालून. शेजारी म्हणतो गिअरबॉक्स, मी म्हणतो त्या लांब नळीतली शाफ्टची बेअरिंगं. रस्त्यावर मीठ पडलं की तिला घोडीवर चढवायची आणि नळी उतरवून बघायची. आप्पांना फोनवर तो आवाज ऐकवला. “बेअरिंगच हाय,” ते म्हणाले, “काढलास की आतलं-बाहेरलं माप घे आन् कळव मला. हितं मिळतंय का बघतो.”